‘समजलं ना?’ ‘होऽऽऽ!’

दुसरीचा वर्ग. बाईंनी फळ्यावर हातच्याची बेरीज सोडवून दाखवली, खडू खाली ठेवला आणि वर्गाकडे वळून विचारलं, “समजलं ना सगळ्यांना?” वर्गातून एकमुखाने उत्तर आलं, “होऽऽऽ!” बाई पुढच्या उदाहरणाकडे वळल्या. महाराष्ट्रातल्या कुठल्याही प्राथमिक शाळेच्या व्हरांड्यात थोडा वेळ उभं राहिलं की हा संवाद कानावर पडतोच.

तो ‘हो’ जरा लक्ष देऊन ऐकावा. तीन-चार आवाज आधी उठतात आणि बाकीचे अर्ध्या क्षणाने त्यांच्या मागून येतात. म्हणजे उत्तर तीन-चार जणांचं, उरलेल्यांचा नुसता सूर. सहा-सात वर्षांच्या मुलाला ‘नाही समजलं’ म्हणायचं तर आधी आपलं नेमकं काय अडलंय ते कळावं लागतं, आणि ते कळणं ही बेरजेपेक्षा अवघड गोष्ट आहे. शिवाय प्रश्नाचा सूरच असा, की ‘हो’ म्हणणं हेच शहाण्या मुलाचं लक्षण. आपल्याला शितावरून भाताची परीक्षा करायची सवय घरातूनच लागलेली. पण सगळी शितं एका पातेल्यात, एका आचेवर शिजतात. वर्गातलं प्रत्येक पोर वेगळ्या चुलीवरून आलेलं असतं.

मग वर्गातल्या तीसही जणांचं काय चाललंय ते रोजच्या रोज, परीक्षा न घेता, शिकवण्याचा वेळ न खाता कळायचं कसं? अशा रोजच्या चाचपणीला शिक्षणशास्त्रात आकारिक मूल्यमापन म्हणतात आणि त्याची ओळख शिक्षकांना नवी नाही. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला, त्यात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन बंधनकारक होतं. राज्याने त्याच वर्षी २० ऑगस्टच्या शासन निर्णयाने त्याची पद्धत ठरवून दिली. पहिली-दुसरीसाठी आकारिकचा भारांश ७० टक्के आणि संकलितचा, म्हणजे सत्राअखेरच्या मूल्यमापनाचा, ३० टक्के. दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय अशी साधन-तंत्रंही सांगितली. यादीत ‘दैनंदिन निरीक्षण’ पहिलं आहे. प्रत्यक्षात मात्र सगळ्यात जास्त वेळ गेला तो नोंदी भरण्यात. त्याबद्दल पुढे बोलूच.

या शासन निर्णयाच्या बऱ्याच आधी, १९९८ साली, लंडनच्या किंग्ज कॉलेजमधल्या पॉल ब्लॅक आणि डिलन विल्यम या दोघांनी जगभरातले सुमारे अडीचशे अभ्यास चाळून एक निष्कर्ष काढला होता. शिक्षक जेव्हा शिकवता शिकवता मुलांची समज तपासतात आणि त्याप्रमाणे शिकवणं बदलतात, तेव्हा मुलांच्या शिकण्यात चांगली भर पडते, आणि मागे पडलेल्या मुलांना तिचा फायदा अधिक होतो. यातला ‘त्याप्रमाणे बदलतात’ हा तुकडा महत्त्वाचा. तपासून झाल्यावर दुसऱ्या दिवशीचं टाचण जसंच्या तसं राहिलं, तर जे केलं ते कागदकाम.

वर्गातल्या प्रश्नोत्तरांपासूनच सुरुवात करू, कारण त्याला साहित्य काहीच लागत नाही. १९७०च्या दशकात अमेरिकेतल्या मेरी बड रो यांनी प्राथमिक वर्गांतले विज्ञानाचे तास ध्वनिमुद्रित करून मोजले. प्रश्न विचारल्यावर शिक्षक उत्तरासाठी सरासरी एक सेकंद थांबत होते. तेवढ्यात उत्तर आलं नाही की दुसऱ्याला विचारायचे किंवा स्वतःच सांगून टाकायचे. थांबण्याचा वेळ तीन सेकंदांवर नेला, तर उत्तरं लांबली, एरवी गप्प राहणारी मुलं बोलू लागली आणि ‘माहीत नाही’ कमी झालं. तीन सेकंद वाचायला काहीच वाटत नाहीत. वर्गात उभं राहून थांबून पाहावं, जीव कासावीस होतो. “बाई, मी! बाई, मी सांगू?” करत वर आलेल्या हातांना त्या तीन सेकंदांत आवरणं हे आणखी एक काम. म्हणून काही शिक्षक हात वर करणंच बंद करतात. आइसक्रीमच्या काड्यांवर मुलांची नावं लिहून डब्यात ठेवायची, आधी प्रश्न विचारायचा, थांबायचं, मग काडी काढायची. क्रम उलटा केला, आधी काडी आणि मग प्रश्न, की बाकीचे एकोणतीस जण निवांत.

तरी हे झालं एकेका मुलाचं. सगळ्या वर्गाचं उत्तर एका नजरेत दिसावं यासाठी परदेशातल्या शाळा आता छोटे पांढरे फळे विकत घेतात. आपल्याकडे ते काम पाटी पिढ्यान् पिढ्या करत आली आहे. आपण मात्र ती जुनाट म्हणून दप्तरातून काढून टाकत आणली, हा मला शुद्ध वेडेपणा वाटतो. वहीत लिहिलेलं तपासायला बाईंना तीस वह्या घरी न्याव्या लागतात आणि चूक कळते तोवर मूल ती विसरलेलं असतं. पाटीवर लिहिलेलं तीस सेकंदांत दिसतं, आणि चुकलं तर ओल्या फडक्याने पुसून टाकता येतं. लाल शाईची खूण राहत नाही, त्यामुळे मूल बिनधास्त लिहून पाहतं.

पद्धत साधी, पण तिची शिस्त लावावी लागते. प्रश्न सांगायचा. लिहून झालं की पाटी छातीशी उलटी धरायची. “दाखवा!” म्हटलं की सगळ्यांनी एकदम फिरवायची. ‘एकदम’ला महत्त्व आहे. शेजाऱ्याची पाटी पाहून स्वतःची पुसायला सवड मिळाली की पुन्हा तोच ‘होऽऽऽ’, फक्त लिहिलेला.

समजा, बाईंनी “सत्तावीस लिहा” म्हटलं आणि फिरलेल्या पाट्यांत पाच जणांनी ७२ लिहिलेलं दिसलं. इथे ‘चूक’ म्हणून पुढे जाणं म्हणजे हातात आलेली माहिती टाकून देणं. हे पाच जण एकाच कारणाने चुकलेले नसतात. मराठीत सत्तावीस ऐकताना कानावर आधी सात पडतो, मग वीस. डावीकडून उजवीकडे लिहिणारं मूल ऐकू आलं त्या क्रमाने ७ लिहितं आणि मग २. हे झालं पहिल्याचं कारण. दुसऱ्याला दशक-एकक ही कल्पनाच बसलेली नाही. त्याच्या लेखी २७ आणि ७२ ही तीच दोन चित्रं, नुसती अदलाबदल केलेली. तिसरं कारण आणखी वेगळं: मुलीला संख्या बरोबर कळली आहे, पण तिने एकक आधी लिहून मग त्याच्या डावीकडे दशक लिहायचं ठरवलं होतं आणि पाटीवर जागा उरली नाही. हे कारण तिला विचारल्याशिवाय कळत नाही. “हे कसं लिहिलंस ते सांग बरं” एवढंच विचारावं, तेही बरोबर उत्तर आलेल्या मुलालासुद्धा अधूनमधून विचारावं. नाहीतर बाईंनी विचारलं म्हणजे आपलं चुकलं, असं पोरं ताडतात आणि घाईघाईने पाटी पुसतात.

पहिला आणि दुसरा वेगळे काढायला काड्यांचा डबा पुरतो. दहा-दहाचे गठ्ठे आणि काही सुट्या काड्या समोर ठेवून “सत्तावीस काड्या दे” म्हणायचं. ज्याने दोन गठ्ठे आणि सात सुट्या उचलल्या त्याला संख्या कळली आहे. त्याची अडचण लिहिण्यापुरती आहे आणि चार दिवसांत सुटेल. जो सत्तावीस सुट्या काड्या एकेक मोजायला बसतो किंवा सात गठ्ठे उचलतो, त्याला लिहायला लावून उपयोग नाही, त्याच्याबरोबर पुन्हा गठ्ठे बांधायलाच बसावं लागेल. दोघांच्याही पाटीवर ७२ होतं. ‘एकोणतीस’साठी ३९ आणि ‘एकशे पाच’साठी १००५ हे याच जातीचे प्रकार, आणि शिक्षकांच्या ते चांगल्या ओळखीचे.

२०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ अशी वाचनाची रीत जुन्या नावांच्या जोडीला आली, तेव्हा विधिमंडळापासून समाजमाध्यमांपर्यंत थट्टा झाली. गणितज्ञ डॉ. मंगला नारळीकर यांनी जोडाक्षरांची आणि उलट्या क्रमाची मुलांना होणारी अडचण शांतपणे समजावून सांगितली, पण गोंगाटात ती फारशी कुणी ऐकली नाही. सरसकट सगळ्यांना नवी नावं शिकवावीत की नाही यावर मतभेद असू शकतात. पण ऐकल्या क्रमाने लिहिणाऱ्या त्या पहिल्या मुलाला ‘वीस आणि सात’ असं एकदा म्हणून दाखवलं की त्याचा घोटाळा तिथेच फिटतो, हे करून पाहायला कुणाची हरकत नसावी.

त्याहून लहान मुलांत, म्हणजे बालवाडीत आणि पहिलीच्या सुरुवातीला, पाटी कामाची नाही. तिथे हातात वस्तू द्यावी आणि पाहावं. पालक कौतुकाने सांगतात, “आमची शंभरपर्यंत म्हणते.” म्हणते हे खरंच, मोजते का, हा प्रश्न वेगळा. चिंचोक्यांचा ढीग समोर ठेवून “मला सात दे” म्हणायचं. कित्येक मुलं सातावर न थांबता हाताला येतील तेवढे मूठभर देतात. मोजून झाल्यावर “मग किती झाले?” विचारलं तर पुन्हा एकपासून सुरू करणारं मूलही असतं, शेवटी उच्चारलेला आकडा म्हणजे एकूण संख्या, हे त्याला अजून उमगलेलं नाही. रोशेल गेलमन आणि रँडी गॅलिस्टल यांनी १९७८च्या पुस्तकात मोजणीमागची जी तत्त्वं मांडली त्यातलं हे एक. मानसशास्त्रज्ञ पियाजेचा प्रयोग तर चहाच्या वेळेत होतो. सहा नाण्यांच्या दोन रांगा समोरासमोर मांडायच्या, मुलाकडून सारख्या आहेत हे वदवून घ्यायचं, मग त्याच्यासमोरच एक रांग लांबवायची आणि विचारायचं, आता कुठे जास्त? पाच वर्षांचं मूल बहुधा लांब रांगेकडे बोट दाखवतं. त्याला दटावायचं कारण नाही, ते वयाप्रमाणे येतं. पण अशा मुलाला वजाबाकीची उदाहरणं द्यायची घाई करू नये, एवढं त्यातून कळतं.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर ऑक्टोबर २०२२मध्ये पायाभूत स्तराचा जो अभ्यासक्रम आराखडा आला, त्यात तीन ते आठ या वयासाठी चाचण्या आणि परीक्षा हे अयोग्य साधन असल्याचं स्पष्ट म्हटलं आहे. तरीही शहरातल्या खासगी बालवर्गांत ‘युनिट टेस्ट’ चालूच आहेत आणि पालकांना त्या हव्याही असतात.

वाचनाकडे वळू. पहिलीच्या वर्गात पुस्तक उघडून घडाघडा ‘वाचणारं’ मूल पुष्कळदा पान पाठ म्हणत असतं. चित्र दिसलं की ओळ आठवते. हे ओळखायला एक शब्द पुरतो. ‘मगर’ मुलांना लवकर येतो, शेजारी मगरीचं चित्र असतं. पाटीवर तीच तीन अक्षरं जागा बदलून लिहावीत: गरम. जो ‘गरम’ म्हणतो तो वाचतो आहे. जो ‘मगर’ म्हणतो त्याने शब्दाचं चित्र पाठ केलं आहे. आणि जो ‘ग… र… म…’ करून मग गप्प होतो, त्याला अक्षरं येतात पण ती जोडून शब्द करणं अजून बाकी आहे. ‘प्रथम’ संस्थेने २००५पासून ‘असर’ सर्वेक्षणात वापरलेलं वाचनाचं साधन याच धर्तीचं: एका कागदावर अक्षरं, शब्द, पहिलीच्या पातळीचा छोटा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट. मूल कुठल्या पायरीपर्यंत सहज जातं ते दोन-तीन मिनिटांत कळतं. ते सर्वेक्षणासाठी केलेलं असलं तरी वर्गातही चालतं, फक्त तोच कागद रोज वापरू नये. चौथ्या दिवशी तोही पाठ होतो.

वाचन ऐकताना चुका मोजण्यापेक्षा चुकांची जात ओळखण्यात राम आहे. न्यूझीलंडच्या मेरी क्ले यांनी मुलाचं वाचन ऐकता ऐकता खुणा करत जायची पद्धत बसवली. त्यात मुलाने स्वतःहून सुधारलेली चूक वेगळी नोंदवतात, कारण ते अर्थाकडे लक्ष असल्याचं चिन्ह. ‘आई भाजी चिरते’ हे ‘आई भाजी चरते’ असं वाचून थबकणारा, हसणारा आणि मागे जाणारा मुलगा वाचक झाला आहे. न थबकता पुढे गेलेल्याची काळजी करावी. आणि खानदेशात किंवा वऱ्हाडात एखादी मुलगी छापलेलं ‘डोळा’ पाहून ‘डोया’ म्हणाली, तर ती वाचनात चुकलेली नाही. तिने शब्द ओळखला आणि आपल्या घरच्या बोलीत उच्चारला. तिच्या नावापुढे ‘अशुद्ध वाचन’ लिहिणाऱ्याने स्वतःचा कान तपासावा. कोरकू, गोंडी, पावरी बोलणाऱ्या मुलांच्या बाबतीत तर हे आणखी जपावं लागतं. प्रश्न मराठीत कळला नाही म्हणून उत्तर आलं नाही, की उत्तरच माहीत नव्हतं, हे वर्गातल्याच एखाद्या मोठ्या पोराकडून तोच प्रश्न त्याच्या भाषेत विचारून घेतल्याशिवाय ठरत नाही.

काही युक्त्या मात्र वेळेवरच्या आहेत, म्हणजे जो वेळ एरवी वाया जातो तो वापरणाऱ्या. हजेरी घेताना ‘हजर’ऐवजी प्रत्येकाने ‘प’पासून सुरू होणारा शब्द सांगायचा, आधीच्याचा पुन्हा घ्यायचा नाही. पोषण आहाराला जाताना दारात बाई उभ्या. बाहेर पडताना बाईंनी प्रत्येकाला एक आकडा सांगायचा आणि त्याने एकच उत्तर द्यायचं, दहाला किती कमी? बोटांवर उत्तर दाखवणंही चांगलं, फक्त बोटं छातीजवळ, शेजाऱ्याला दिसणार नाहीत अशी. अंगठा वर, आडवा, खाली ही पद्धत हल्ली प्रशिक्षणांत फार सांगतात. माझा तिच्यावर विश्वास नाही. सात वर्षांच्या मुलाचा अंगठा त्याच्या मित्राच्या अंगठ्याकडे पाहून ठरतो. डोळे मिटायला सांगून विचारलं तर थोडा उपयोग होतो, तोही वर्षाच्या उत्तरार्धात, बाईंना ‘नाही कळलं’ सांगितलं तरी त्या रागावत नाहीत ही खात्री पटल्यावर.

आता नोंदी. शासनाने वर्णनात्मक नोंदी मागितल्या आणि वर्षभरात बाजारात तयार नोंदींच्या पुस्तिका आल्या. विषयवार, इयत्तावार वाक्यं: ‘स्पष्ट व शुद्ध उच्चारात वाचन करतो’, ‘गणिती क्रिया अचूक करतो’, ‘वर्गकार्यात उत्साहाने भाग घेतो’. पुढे त्यांच्या पीडीएफ व्हॉट्सअॅपवर फिरू लागल्या. सत्र संपताना नोंदवह्या भरायच्या, केंद्रप्रमुखांना दाखवायच्या, कपाटात ठेवायच्या. शिक्षकांना यात दोष देणं सोपं आहे. पण प्रत्येक मुलाच्या प्रत्येक विषयाची वाक्यं एकाच माणसाने, जनगणना, निवडणूक आणि ऑनलाइन माहिती भरून उरलेल्या वेळात लिहायची म्हटल्यावर दुसरं काय होणार होतं?

उपयोगी नोंद फार छोटी असते. एका पानावर मुलांची नावं आणि पुढे मोकळी जागा, एवढंच. आज पाच मुलं, उद्या दुसरी पाच. शनिवारची अर्धी शाळा धरून आठवड्याचे सहा दिवस, म्हणजे तीस जणांचा वर्ग एका आठवड्यात फिरून होतो, आणि शिक्षण हक्क कायद्याने प्राथमिकला शिक्षकामागे मुलं तीसच धरली आहेत. त्या पाच जणांकडे त्या दिवशी जाणीवपूर्वक लक्ष द्यायचं, बाकीच्यांचं ठळक काही दिसलं तरच टिपायचं. लिहायचं ते पाहिलेलं किंवा ऐकलेलं, विशेषण नको. ‘गणितात कच्ची’ यातून काय करायचं ते कळत नाही. ‘चौदानंतर सोळा म्हणते, तीन वेळा’ यातून उद्याचं काम कळतं. ‘चंचल’ लिहिण्यापेक्षा ‘गोष्ट सांगताना जागेवर होता, लिहिताना चार वेळा उठला’ लिहिलं, तर कदाचित लक्षात येईल की पोराला फळा नीट दिसत नाही.

आणि ही वही मुलांसाठी किंवा पालकांसाठी नाही, शिक्षकासाठी आहे. तिच्यातून गुण काढायला गेलं की ती पुन्हा निकालपत्रक होते. रूथ बटलर यांनी १९८८मध्ये प्रसिद्ध केलेल्या, इस्रायलमधल्या पाचवी-सहावीच्या मुलांवरच्या अभ्यासात, नुसता शेरा मिळालेल्या मुलांचं काम सुधारलं. शेऱ्याबरोबर गुणही दिले तेव्हा शेऱ्याचा परिणाम नाहीसा झाला. जणू पोरांनी गुण पाहिले आणि शेरा वाचलाच नाही. ती मुलं मोठी होती, पण हातावर उमटवलेला तारा पाहणारं पहिलीतलं मूल काही वेगळं वागत असेल असं वाटत नाही.

शनिवारी शाळा सुटल्यावर वीस मिनिटं ही वही समोर घ्यावी आणि सोमवारचे गट पाडावेत. द्विशिक्षकी शाळेत, जिथे पहिली-दुसरी एकाच खोलीत आणि एकाच शिक्षकाकडे असते, तिथे तर याला पर्यायच नाही. इयत्तेपेक्षा कुणाला काय अडलंय यावर बसवलं तर दोन वर्गांचं काम आपोआप हलकं होतं. एका गटाला काड्यांचे गठ्ठे, दुसऱ्याला शब्दकार्ड, तिसऱ्याला आपापलं वाचू द्यावं आणि बाईंनी पहिल्याशी बसावं. यात एक धोका आहे. गटांना गुलाब, मोगरा, जास्वंद अशी कितीही गोड नावं दिली तरी ‘ढ’ कोणता ते मुलांना दुसऱ्या दिवशी कळतं. त्याला उपाय गट सारखे मोडत राहणं, आणि भाषेचा गट गणिताला न चालवणं.

गट पाडताना हेही लक्षात ठेवावं, की पाटीवर दिसतं तेवढंच मुलाला येतं असं नाही. अर्थशास्त्रज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या मुलांवरचा अभ्यास २०२५मध्ये ‘नेचर’मध्ये आला. ग्राहकाला सुटे पैसे देताना तोंडी हिशोब चुटकीसरशी करणारी मुलं तशीच उदाहरणं शाळेच्या पद्धतीने कागदावर आली की अडखळत होती. आणि शाळेत शिकणाऱ्या मुलांचं नेमकं उलटं, बाजारातला हिशोब त्यांना जमत नव्हता. आठवडी बाजारात आईबरोबर भाजी विकायला बसणारा मुलगा आपल्याकडच्या बहुतेक खेड्यांतल्या वर्गांत असतो. वजाबाकीच्या गटात तो मागे पडलेला दिसला, तर पाटी बाजूला ठेवून त्याला विचारावं, “सदतीस रुपयांची भाजी घेतली, पन्नासची नोट दिली, मला किती परत देशील?”